वाचलेल्या विजेचं काय झालं

मी एक सीएफएल बल्ब बोलतोय. जरा थांबा. बटण दाबल्याबरोबर भक्कन लागणं मला कधी जमलं नाही. आधी मी थोडा मिणमिणतो आणि मग हळूहळू पुरता उजळतो. बोलण्याचंही माझं तसंच आहे.

खरं तर मी बोलावं की नाही, याबद्दलच मला खात्री नाही. पिवळा बल्ब बोलला असता तर लोकांनी ऐकलं असतं, कारण त्याच्या उजेडात तीन पिढ्या वाढल्या. आजचा एलईडी बोलला तर त्याच्याकडे सांगण्यासारखं भविष्य आहे. मी मधला. दहा-बारा वर्षं घराघरांत होतो आणि मग दुकानांतून गेलो. पण ज्या घरात माझं आयुष्य गेलं त्या घराचे माझ्यावर फार उपकार आहेत. ते कुठेतरी सांगावेत, म्हणून हा प्रयत्न.

माझा जन्म एका दूरच्या कारखान्यात झाला. तापवून मऊ केलेली काचेची नळी पिळून माझं अंग घडवलं, आत पांढरी भुकटी माखली आणि सुईच्या टोकाएवढा पारा सोडला. त्या पाऱ्याची वाफ झाली की तिच्यातून न दिसणारे किरण निघतात आणि भुकटी त्यांचा उजेड करते. पिवळ्या बल्बात तार तापून लाल-पिवळी होते, तेव्हा कुठे उजेड पडतो. त्याने घेतलेली बहुतेक वीज उष्णतेत जाते. मला तेवढं तापावं लागत नाही. म्हणून शंभर वॅटचा तो जेवढा उजेड देतो, त्याच्या जवळपास मी अठरा वॅटमध्ये देतो. माझ्या खोक्यावर तर 'शंभर वॅटइतका' असंच छापलेलं होतं. ते पूर्ण खरं होतं का, ही शंका मला आजही आहे. थोडा कमीच पडत असेन.

बिदरला तिप्पण्णांच्या दुकानात मी बरेच दिवस पडून होतो. लोक यायचे, मला हातात घ्यायचे, किंमत ऐकायचे आणि पिवळा बल्ब घेऊन जायचे. शेवटी विलास आला. विलास वायरमन. बिदरजवळच्या कमठाण्याला राहणाऱ्या बळीरामचा तो धाकटा भाऊ.

"नोड्री, बघा विलासण्णा," तिप्पण्णा म्हणाले, "तुमी वायरमन होऊन पिवळाच न्यायलात तर मग हा माल मी कुणाला विकू? माझ्या म्हशीला?"

"वैनीसाठी पायजे. शिवणकाम हाय तिचं," विलास म्हणाला.

"मग हाच न्या. घेताना महाग, जाळताना सस्ता."

असा मी कमठाण्याला आलो.

घर साधं होतं. मधली खोली, मागे स्वयंपाकाची आणि बाजूला धान्य ठेवायची लहान खोली. दिवा एकच होता, मधल्या खोलीत, शंभर वॅटचा पिवळा. बळीरामचा नियम होता की दिवेलागणीला बल्ब लावायचा आणि जेवणं झाली की बंद करायचा. दिवसाचे तीन तास. ही कंजुषी नव्हती. तो बिदरच्या एका दालमिलवर रात्रपाळीचा वॉचमन होता. संध्याकाळच्या बसने जायचा आणि सकाळी यायचा. मिलच्या मोकळ्या आवारात रात्रभर मोठाले दिवे कुणासाठीही नसताना जळत असायचे, आणि ते पाहून पाहून त्याला विजेची जास्तच काळजी वाटायची.

त्याची बायको शोभाबाई दिवसा शेतात मजुरीला जायची आणि संध्याकाळी मशीनवर बसायची. गावातल्या बायकांची ब्लाऊजं, पोरींचे फ्रॉक, साड्यांचे फॉल. तिला मिळायचे ते तीनच तास, आणि त्यातच स्वयंपाक. पोरगी शिवकन्या तिच्या कोपराशी वही घेऊन बसायची. दिवा एकच असल्यामुळे घरातलं सगळं त्याच्याखाली गोळा व्हायचं: मशीन, वही, तांदूळ पाखडायचं सूप.

विलासने पिवळा बल्ब काढून मला लावलं तेव्हा शोभाबाईने वर पाहिलं.

"भाऊजी, एवढ्या पैशात धा बल्ब आले असते."

"धा आले असते वैनी, पर धाच्या धा जळून गेले असते. हा टिकतोय. आन् करंट कमी खातोय."

"खाऊ दे की मग. उजेड तरी पडतोय का बघू."

मी लागलो, म्हणजे लागायला सुरुवात केली. क्षणभर ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. "ह्याला काय झालंय? आजारी हाय का?"

मला फार ओशाळल्यासारखं झालं. पण मिनिटभरात मी उजळलो, आणि तिने सुईत दोरा एका झटक्यात ओवला. मग ती मशीनवर बसली. माझ्या आयुष्यातला तो पहिला आनंद.

काढलेला पिवळा बल्ब तिने फेकला नाही. पत्र्याच्या डब्यात बटणांच्या पुड्यांबरोबर ठेवला. त्याच्याबद्दल मला आदरच आहे. थंडीत शिवताना बोटं आखडली की ती हात वर करून त्याच्याजवळ शेकायची, असं शिवकन्या सांगायची. मला तेवढी ऊब देता आली नाही.

पहिल्या महिन्याचं बिल कमी आलं. बळीराम सकाळी मिलवरून आला, अंगणात उभ्यानेच ते वाचलं आणि आत येऊन माझ्याकडे बघत म्हणाला, "दिवा बरा हाय." एवढंच. पण जो माणूस रात्रभर उजेडात बसून उजेडाचा राग करतो, त्याच्या तोंडून हे आलं होतं.

त्यानंतर जे झालं ते मी पाहत होतो आणि मला काळजी लागत होती. शोभाबाईच्या लक्षात आलं की हा दिवा जास्त वेळ लावला तरी फार बिघडत नाही. तिने जेवणं झाल्यावरही शिवायला सुरुवात केली. तीन तासांचे चार झाले, मग पाच. शिवणाचे पैसे आले तसे तिने माझ्यासारखेच आणखी दोन आणवले. एक चुलीपाशी लागला आणि दुसरा धान्याच्या खोलीत, शिवकन्येच्या अभ्यासासाठी. पोत्यांच्या मध्ये एक स्टूल टाकून ती तिथे वाचायची. पहिल्यांदाच त्या घरातली कामं एका दिव्याखाली गोळा न होता तीन ठिकाणी होऊ लागली.

बळीरामला हे माहीत नव्हतं. त्याने होल्डर पाहिले होते, बल्बही पाहिले होते; पण ते अडीअडचणीला आहेत, असं त्याने धरलं होतं. संध्याकाळचं आपलं घर तो एरवी पाहतच नव्हता. सुट्टीच्या दिवशी तो घरी असला की सगळी पुन्हा माझ्याच खाली येऊन बसायची, वही पुन्हा कोपराशी यायची. शोभाबाई म्हणायची, "एकच पुरतोय की आपल्याला." शिवकन्या खाली मान घालून हसायची. मला वाटायचं, हे बरं नाही. पण मी कोण सांगणारा?

आणि मग बिलं पूर्वीएवढीच येऊ लागली.

"विल्यानं फसिवलं आपल्याला," बळीराम एका सकाळी म्हणाला. "बचतीचा दिवा म्हणून आणला आन् बिल हाय तेवढंच. पहिल्या महिन्याला जरा कमी खाल्लं ह्यानं, आता पोट सुटलंय ह्याचं."

शोभाबाई भाकरी थापत राहिली.

माझी अवस्था काय झाली ते कसं सांगू? मला माझीच शंका आली. खोक्यावरची अक्षरं मी लिहिलेली नव्हती. मी किती वीज घेतो हे मला आतून कळत नाही, जसं माणसाला स्वतःचं वजन नुसतं उभं राहून कळत नाही. कारखान्यात कुणी चूक केली असेल का? माझ्या बुडातल्या चोकमध्ये काही बिघडलं असेल का? रोज संध्याकाळी बटण दाबलं की मी लागताना चाचरायचो, आणि शोभाबाईला वाटायचं व्होल्टेज कमी आहे.

त्या सुमारास तिने मोठं काम घेतलं होतं. शेजारच्या चंद्रभागाबाईच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, आणि नवरीसकट घरातल्या सगळ्या बायकांची ब्लाऊजं शोभाबाईकडे आली होती. एवढं काम तिच्यावर कुणी पहिल्यांदाच टाकलं होतं. हे नीट पार पडलं तर गावातली लग्नाची शिवणं तिच्याकडे येणार आणि शेतातली मजुरी सुटणार, हे तिने शिवकन्येला सांगितलेलं मी ऐकलं होतं. चंद्रभागाबाई रोज डोकावून जायची.

"शोभा, लग्नाला देतीस का बारशाला?"

"तुमी मापं देताना पोट आत घेतलंसा अक्का, ते दोनदा उसवावं लागायलंय," शोभाबाई सुई दातात धरून म्हणायची. चंद्रभागाबाई हसत हसत जायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायची.

अशाच एका संध्याकाळी बिदरची बस आली नाही. बळीरामने थांब्यावर बराच वेळ वाट पाहिली, मिलवर फोन करून दुसऱ्या वॉचमनला थांबायला सांगितलं आणि तो घरी परतला. गल्लीच्या तोंडाशी येऊन पाहतो तर त्याच्या घराच्या तिन्ही खिडक्यांतून पांढरा उजेड बाहेर सांडत होता.

तो दारात उभा राहिला. "लगीन चंद्रभागाबाईच्या घरी हाय का आपल्या?"

मशीन थांबलं.

"तिन्हीकडं लावून बसलाव! आन् मी तिकडं विल्याला शिव्या घालायलोय. रोज हेच चालायलंय?"

"व्हय. रोज," शोभाबाई म्हणाली. तिने खोटं सांगितलं नाही, याचं मला बरं वाटलं आणि भीतीही वाटली. "मी शिवायले, पोरगी वाचायली, मागं चुलीवर डाळ शिजायली. अंधारात करू का?"

"इतकी वर्षं एका बल्बात होतच हुतं की!"

"होत हुतं. पोरीच्या बोटात मशीनची सुई गेली, तवा बी एकच बल्ब हुता. तुमी मिलवर हुता तवा."

बळीराम तडक आत गेला. त्याने बाकीचे दोन दिवे बंद केले. मग डब्यातून पिवळा बल्ब काढून कोनाड्यात ठेवला. "उद्यापासून हाच. तीन तास. ते तिन्ही काढून विल्याच्या तोंडावर मारतो."

शोभाबाईच्या मांडीवर अर्धं ब्लाऊज होतं. तिने ते घडी करून बाजूला ठेवलं. "मग सकाळी चंद्रभागाअक्काची कापडं परत देऊन येते," ती शांतपणे म्हणाली. "तीन तासांत न्हाई व्हायचं."

त्या रात्री मला लवकर बंद केलं गेलं. मी जवळजवळ तयारीच केली होती, परत खोक्यात जायची. माझ्यामुळे तिचं काम जाणार. मी आलो नसतो तर तिने एवढं मोठं काम अंगावर घेतलंच नसतं, असाही विचार मनात आला.

कापडं परत गेली नाहीत, कारण शिवकन्येने सकाळीच काकाला फोन केला. दिवस कलताना विलास आला. आल्या आल्या मोठ्या भावाला म्हणाला, "जयभीम अण्णा. मारा तोंडावर. पर आधी मीटरपाशी चला."

त्याने घरातलं सगळं बंद केलं आणि माझ्या जागी पिवळा बल्ब लावला. मला शिवकन्येने हातात धरलं होतं, म्हणून मला सगळं दिसलं. मीटर मधल्या खोलीच्या दारालगतच होतं, माझ्या जागेवरूनही दिसेल असं. त्यावर एक बारका लाल ठिपका असतो. वीज जशी खर्च होईल तसा तो लुकलुकतो.

"नुसतं बघा," विलास म्हणाला.

ठिपका लुकलुकला. बळीरामने सुपारी तोंडात टाकली, ती फुटायच्या आत पुन्हा लुकलुकला. मग पुन्हा, आणि पुन्हा.

विलासने पिवळा काढून मला लावलं. मी जीव मुठीत धरून लागलो. ठिपका येईना. बळीराम वाकला, अजून वाकला, मीटरच्या काचेला नाक लागेपर्यंत.

"आरं, बंद पडलं का हे?"

"बंद न्हाई पडलं. थांबा."

सुपारी चघळून झाली तेव्हा कुठे ठिपका एकदा लुकलुकला. मी इतकं कमी खातो, हे मलाही तेव्हाच कळलं. माझ्याबद्दल छापलेलं खोटं नव्हतं. त्या क्षणी मला रडता आलं असतं तर मी रडलो असतो.

"आता तिन्ही लावतो," विलास म्हणाला. आम्ही तिघंही लागलो. ठिपका जरा भरभर आला, पण पिवळ्याची घाई त्याला नव्हती. "तिघं मिळून ह्या एकट्याच्या निम्म्याला जरा वर जातेत. आता बोला."

बळीरामने सुपारी थुंकली. तो हट्टी होता, पण आंधळा नव्हता. "बरं. मानलं. मग बिल तेवढंच कामून येतंय?"

विलास वहिनीकडे बघू लागला. हा प्रश्न वायरमनचा नव्हता.

"तास वाढलेत," शोभाबाई म्हणाली. "पहिलं एक जळायचा तीन तास. आता तीन जळतेत पाच-पाच तास. पैसा तेवढाच जायलाय."

"म्हंजे वाचलं ते सगळं तुमीच खाल्लं?"

"व्हय. खाल्लं," ती म्हणाली. "त्याची ब्लाऊजं झाली. पोरीची सहा महिन्यांची पुस्तकं वाचून झाली. भाकरीत आता राख दिसती, म्हणून तुमच्या डब्यात येत न्हाई. ध्यानात आलं का कधी?"

विलास हसला. बळीराम हसला नाही. तो घरात गेला. आधी मागच्या खोलीत गेला आणि चुलीपाशी उभा राहिला. मग धान्याच्या खोलीत जाऊन शिवकन्येच्या स्टुलाकडे बघत राहिला. स्वतःचं घर अशा उजेडात तो पहिल्यांदाच नीट बघत होता. परत आला तेव्हा पिवळा बल्ब त्याने स्वतःच्या हाताने डब्यात ठेवला.

"शिव," तो म्हणाला. "बस चुकंल माझी." आणि जेवणाचा डबा घेऊन थांब्याकडे गेला.

ब्लाऊजं लग्नाआधी गेली. नवरीचं पांढऱ्या साडीवरचं पांढरं ब्लाऊज शेवटचं झालं. चंद्रभागाबाईने ते उजेडात उलटंसुलटं करून पाहिलं, काही खोट सापडली नाही म्हणून जरा हिरमुसली आणि म्हणाली, "माझं तेवढं पोटात आवळ झालंय." पुढच्या हंगामात शोभाबाईने शेतातली मजुरी सोडली.

त्यानंतर बरीच वर्षं मी मशीनच्या वर होतो. मग एलईडी आला. तो लागताना चाचरत नाही, माझ्या निम्म्या विजेत तेवढाच उजेड देतो, माझ्याहून जास्त टिकतो, आणि त्याच्या पोटात पारा नाही. आधी महाग होता, पुढे इतका स्वस्त झाला की मला नव्याने विकत घ्यायचं कुणाला कारणच उरलं नाही. लोक मला विचारतात असं समजा, की तुला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण मी जे काम अर्धवट करत होतो ते त्याने पुरं केलं. माझे दोन भाऊ आधीच गेले होते. मला शोभाबाईने दारापुढच्या ओट्यावर लावलं, संध्याकाळी तासाभरासाठी. तिचं मशीन आता बाहेरच्या पत्र्याच्या खोलीत आहे आणि दोन पोरी तिच्या हाताखाली शिकतात. शिवकन्या कलबुर्गीला एका दवाखान्यात नर्स आहे.

बळीराम मिलवरून निवृत्त झाला आणि संध्याकाळी घरी राहू लागला. तो रोज माझ्याखाली ओट्यावर बसायचा. आता सरकार ठरावीक युनिटांपर्यंत बिल घेत नाही. शेजारचे दिवसाढवळ्या दिवे जळू देतात. कुणी म्हणालं, "फुकट हाय की काका," तर तो म्हणायचा, "मिलवर बी फुकटच हुतं मला. म्हणून काय झालं?" आणि उठून त्यांचा दिवा बंद करून यायचा.

परवा संध्याकाळी मी लागलो नाही. नळीची टोकं काळी पडली होती. मला ते आधीपासून जाणवत होतं. बळीरामने दोनदा बटण दाबलं आणि स्टुलावर चढला. विलासने कधीतरी सांगितलं होतं तसं त्याने मला काचेला न धरता बुडाला धरून काढलं. शोभाबाईने ब्लाऊजांच्या चिंध्यांत मला गुंडाळलं. उकिरड्यावर टाकायचं नाही, फोडायचं नाही, विलास बिदरला ई-कचरा घेणाऱ्याकडे नेऊन देईल, असं ठरलं. तिथे कुणी मला नीट घेईल की नाही, मला माहीत नाही. तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद पडला असेल तर एवढं करा: त्याला फोडू नका. आयुष्यभर सांभाळलेला पारा शेवटी कुणाच्या मातीत, कुणाच्या पाण्यात जावा, हे मला सोसणार नाही.

चिंध्यांत असलो तरी मला ऐकू येत होतं.

"नवा आणायचा का?" शोभाबाईने विचारलं. "एलईडी, नऊ वॅटचा?"

"नऊचा कशाला? पाचाचा आण," बळीराम म्हणाला.

मी मनात म्हटलं, हा काही बदलला नाही.

"पर दोन आण," तो म्हणाला. "एक हितं ओट्याला, आन् एक तिकडं गल्लीच्या तोंडाला, आपल्याच वायरवर. तुझ्याकडं शिवायला येणाऱ्या बायका तिथं अंधारात ठेचकाळायल्यात."